भ्यायचं ते हिरव्या बटाट्याला

पुण्यात आमचं कांदे-बटाट्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आषाढी एकादशीच्या आठवड्यात बटाटे-रताळ्यांवर नुसती झुंबड असते आणि तक्रारीही तेव्हाच. "दादा, रताळ्याला कोंब आलेत, बदलून द्या." देतो बदलून. पण त्याच पिशवीत एका अंगाने हिरवा पडलेला बटाटा असतो, त्याबद्दल ताई अवाक्षर काढत नाहीत. तो मीच काढून घेतो.

उपासाच्या ताटात शेजारी असले तरी रताळं आणि बटाटा यांचं कूळ वेगळं. रताळ्याच्या कोंबात विष नसतं, त्याच्या कोवळ्या पाल्याची तर भाजी होते. कोंब मोडावा, दाबून बघावं, कडक लागलं तर खुशाल किसाला घ्यावं. काळे डाग पडून कडवट झालेलं रताळं मात्र अख्खं टाकावं. बुरशी लागली की रताळंच तिच्याविरुद्ध कडू, विषारी द्रव्य तयार करतं आणि शिजवून ते जात नाही. कांदा, लसूण, आलं यांच्या कोंबांना घाबरायचं कारण नाही. पात आपण पैसे मोजून घेतोच की!

बटाट्याचं तसं नाही. उजेड लागला की त्याच्या सालीत हरितद्रव्य तयार होतं. ते निरुपद्रवी असतं, पण त्याच उजेडाने सोलानिन आणि चाकोनिन ही कडू द्रव्यंही वाढतात. कीड लागू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. त्यामुळे हिरवेपणा दिसला की सावध व्हायचं. किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत ही द्रव्यं चालतात असं मानतात. कोंबांत ती दहापट, कधी त्याहून जास्त असतात. उकडून किंवा कुकरच्या शिट्ट्या वाढवून काही ती जात नाहीत.

लंडनच्या एका शाळेत उन्हाळ्याच्या सत्रातून उरलेलं बटाट्यांचं पोतं पुढच्या सत्रात उकडायला काढलं. उलट्या-जुलाबांनी 78 मुलं आजारी पडली, 17 जणांना इस्पितळात न्यावं लागलं. सगळी बरी झाली. डॉक्टरांनी त्यावर 1979 साली सविस्तर लेख लिहिला.

म्हणून दुकानात मी सांगतो ते असं: बटाटा टणक आहे, कोंब बारीक आहेत, तर डोळ्यासकट खोल कोरून काढा, साल जाडसर सोला आणि वापरा. हिरवा भाग नखाएवढा असेल तर भोवतालच्या गरासकट कापून टाका. पण हिरवेपणा बराच पसरला असेल, कोंब लांबलेत, बटाटा सुरकुतून मऊ पडलाय किंवा घास कडू लागला, तर काटकसर नको. लहान मुलांच्या पानात तर नकोच नको.

पावसाळ्यात कोंब लवकर फुटतात, कारण तेव्हा विकला जाणारा आग्र्याचा माल बरेच महिने कोल्ड स्टोरेजमध्ये झोपलेला असतो. बाहेरची ऊब लागली की तो जागा होतो. त्या दिवसांत आठवड्यापुरताच घ्या. तळेगावचा नवा, ताजा बटाटा आला की मग गोणी भरा. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या केंद्रात गॅमा किरणांचा हलका मारा करतात. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही, हे गिऱ्हाइकांना पटवताना माझा घसा बसतो.

घरी बटाटे अंधारात, हवेशीर टोपलीत, कांद्यापासून दूर ठेवावेत. बटाट्याच्या ओलीने कांदा नासतो. प्लास्टिकची गाठ मारलेली पिशवी सगळ्यात वाईट. फ्रीजमध्ये कोंब येत नाहीत, पण थंडीने बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळपट पडतात. रताळं तर फ्रीजमध्ये आतून टणक होऊन बसतं.

आणि धुतलेल्या, चकाकत्या बटाट्यांचा हट्ट सोडा. माती उजेड अडवते. मोठ्या चकचकीत दुकानांत बटाटे दिवसरात्र दिव्यांखाली मांडलेले असतात. मी रात्री ढिगावर गोणपाट टाकतो. दिवसा टाकलं तर माल दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हा माझा धंद्यातला न सुटलेला पेच आहे.