शाळेचें वार्षिक व गांवचे दुकानदार

अमेरिकेंतील पुष्कळ माध्यमिक शाळांत दरसाल एक सचित्र पुस्तक निघतें. त्यास तेथें ‘इयरबुक’ म्हणतात. येल महाविद्यालयाच्या १८०६ सालच्या वर्गाचें पुस्तक या परंपरेंतील पहिलें मानण्यांत येतें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रें स्वस्तांत छापण्याची युक्ति साधली आणि ही प्रथा गांवोगांवच्या शाळांपर्यंत पोंचली.

परंतु चित्रें, गुळगुळीत कागद आणि पक्की बांधणी यांचा खर्च मोठा. तो सारा किमतींत घातला, तर गरीब घरच्या मुलास आपलेंच चित्र असलेलें पुस्तक विकत घेतां येणार नाहीं. म्हणून विद्यार्थी बाजारपेठेंत फिरतात. भेटवस्तूंचा दुकानदार, फुलवाला, सराफ, छायाचित्रकार यांना ते जाहिरातीसाठीं पूर्ण, अर्धें वा पाव पान विकतात.

दुकानदारास यांत काय मिळतें? शाळा संपते त्या सुमारास भेटवस्तू घेणारीं घरें त्याचींच गिऱ्हाइकें, हें खरें. पण पुस्तक हातीं पडतें तोंवर ती खरेदी पुष्कळदां होऊन गेलेली असते. म्हणूनच त्या पाव पानावर बहुधा मालाची किंमत नसते. असतें तें उत्तीर्ण वर्गाचें अभिनंदन. ही जाहिरात अर्धा व्यापार, अर्धी वर्गणी.

आणखी एक लाभ कोणीं योजिलेला नसतो. ५० वर्षांनीं दुकानें उठून जातात, रस्ता पालटतो. तेव्हां ग्रंथालयांत जपलेल्या त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर जुन्या पेठेंतील दुकानांचीं नांवें एकत्र सांपडतात. मुलांसाठीं दिलेल्या वर्गणींतून गांवाचीही नोंद राहते.