सैल सांध्यांतील वीज

तंतूच्या विजेच्या दिव्यावर ‘६० वॉट, २३० व्होल्ट’ असें छापलेलें असतें. दिवा विकत घेणारा पहिलाच आंकडा पाहतो. दुसऱ्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः हे दोन आंकडे हातीं आले म्हणजे त्या दिव्याची बहुतेक सारी कुंडली मांडतां येते.

तारेंतून वीज वाहावयास जो रेटा लागतो तो दाब. त्याचें माप व्होल्ट. दर सेकंदास जितकी वीज वाहते तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध ओहममध्यें मिळतो, आणि गुणिलें असतां शक्ति वॉटमध्यें मिळते. यांपैकीं रोधाचा नियम गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. स्वदेशांत प्रारंभीं त्याची उपेक्षाच झाली. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें.

आतां ६० भागिले २३० केले कीं दिव्याचा प्रवाह सुमारें ०.२६ अँपिअर येतो व रोध सुमारें ८८० ओहम ठरतो. हा रोध मात्र पेटलेल्या दिव्याचा. थंड तंतूचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी भरतो. त्यामुळें बटन दाबतांक्षणीं प्रवाहाचा मोठा लोंढा येतो, आणि जीर्ण दिवा बहुधा त्याच क्षणीं जातो.

स्नानाचें पाणी तापविणाऱ्या २००० वॉटच्या बंबाचा हिशेब निराळा. त्याचा प्रवाह ८.७ अँपिअर आणि रोध अवघा २६.५ ओहम. अधिक शक्तीच्या उपकरणाचा रोधहि अधिक असावा, अशी पुष्कळांची समजूत असते; ती उलटी आहे. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला तर हाच बंब जेमतेम १५०० वॉट देतो, व पाणी तापावयास विलंब लागतो.

खरा धोका बंबांत नसून भिंतीवरील सॉकेटांत असतो. तेथील पितळी पट्टी सैल झाली किंवा तारेचा सांधा काळवंडला, आणि समजा अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला. सांध्यावरील दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. त्यास पुन्हां प्रवाहानें गुणिलें म्हणजे तेथें खर्च होणारी शक्ति मिळते. प्रवाह असा दोनदां गुणिला जातो. विजेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलनें १८४१ सालींच दाखविलें होतें.

त्या सांध्यावर दिवा लावला तर तेथें एका वॉटचा सुमारें तिसावा हिस्सा खर्च होतो. वर्षानुवर्षें कोणास पत्ताहि लागत नाहीं. बंब लावला कीं सुमारें ३६ वॉट, म्हणजे हजारपट! कथिलाचे डाग देण्याचीं लहान विजेचीं उपकरणें याहून अल्प शक्तीचीं असतात. बोटाच्या पेराएवढ्या जागेंत एवढी उष्णता कोंडली म्हणजे प्लॅस्टिक वितळणें नवल नव्हे.

आणि फ्यूज? तो येथें आंधळाच. सांध्याच्या रोधामुळें एकूण रोध वाढून प्रवाह ८.७ वरून ८.५ अँपिअरवर येतो. फ्यूजच्या दृष्टीनें सारें आलबेल! फ्यूज अधिक प्रवाह ओळखतो, सैल सांधा नव्हे.

यास्तव बंबासाठीं १६ अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट व पुरेशी जाड तांब्याची तार हवी. प्लगच्या पिनेभोवतालचें प्लॅस्टिक पिवळें अगर काळें पडलेलें दिसलें, तर मुख्य बटन बंद करून जाणत्या कारागिराकडून तें सॉकेट बदलून घ्यावें. नुसता प्लग दाबून बसविल्यानें पट्टीचा ताण परत येत नाहीं.