माहिती पुरेशी आहे का?

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. उमरखेडपासून वणीपर्यंत प्रत्येक तालुक्यातून सारखेच विद्यार्थी घेऊन एक शिबिर भरवायचे आहे, असे समजू. शिबिराच्या एकूण जागा n. प्रश्न: n ला 16 ने निःशेष भाग जातो का? अशा प्रश्नाखाली दोन विधाने असतात आणि विचारलेले असते, की उत्तराला पहिले एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोन्ही मिळून पुरतात, की मिळूनही पुरत नाहीत. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरची तयारी करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल.

इथे n शोधत बसायचे नाही. ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच उत्तर पक्के होते का, एवढेच पाहायचे. त्यासाठी विधानात बसणाऱ्या दोन संख्या शोधा: एक 16 ने विभाज्य, दुसरी नसलेली. अशी जोडी सापडली की विधान अपुरे.

विधान 1: n ला 8 ने भाग जातो. 8 आणि 16 घ्या, अपुरे. विधान 2: n ला 12 ने भाग जातो. 12 आणि 48, तेही अपुरे. आता दोन्ही एकत्र. घाईत बरेच जण 8 × 12 = 96 करतात, 96 ला 16 ने भाग जातो म्हणून ‘पुरेसे’ लिहून मोकळे होतात. पण गुणाकार नव्हे, लसावि घ्यायचा असतो. 8 म्हणजे 2³, 12 म्हणजे 2² × 3. बारामधले दोन 2 आठाच्या तीन 2 मध्ये आधीच मोजले गेले आहेत. दुसऱ्या विधानाने नवे दिले ते फक्त 3. लसावि 24. n = 24 असेल तर उत्तर ‘नाही’, 48 असेल तर ‘होय’. मिळूनही अपुरे.

आता विधान 2 बदलू: n पूर्ण वर्ग आहे. एकट्याने हेही पुरत नाही. 4 आणि 16 पाहा. पण पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घात सम असतो. विधान 1 प्रमाणे 2 चा घात निदान 3 हवा, आणि तो सम असायचा तर निदान 4. 2⁴ म्हणजे 16. उत्तर पक्के ‘होय’. मला हा या प्रकारातला सर्वांत देखणा प्रश्न वाटतो, कारण इथे आकडेमोड जवळपास नाहीच.

पक्के ‘नाही’ हेसुद्धा पुरेसेच असते, हे अनेकदा निसटते. ‘n ला 32 ने भागल्यास बाकी 8 उरते’ हे विधान बघा. 32 मध्ये 16 पूर्ण बसतो, म्हणून 16 ने भागतानाही बाकी 8 च राहणार. उत्तर ‘नाही’, आणि विधान एकटेच पुरेसे. तसेच ‘n हा 100 ते 110 च्या दरम्यान आहे’ हेही: 96 नंतर 16 च्या पाढ्यात थेट 112 येतात.