खुराड्यातील मृत्यूचे कोडे

परसात दहा-पंधरा कोंबड्या बाळगणाऱ्या घरात त्यांचा हिशेब सहसा कागदावर मांडलेला नसतो. अंडी विकून आलेल्या पैशांतून मुलांच्या वह्या येतात. अडीअडचणीला एखादा कोंबडा बाजारात जातो. अशा घरात एके सकाळी खुराडे उघडावे आणि दोन कोंबड्या निपचित पडलेल्या दिसाव्यात, दुसऱ्या दिवशी आणखी तीन, हा आघात लहान नसतो. ‘मर लागली’ असे म्हणून उसासा टाकला जातो, उरलेले पक्षी मिळेल त्या भावाने विकले जातात आणि रोग त्यांच्याबरोबर शेजारच्या गावी पोहोचतो. कारण मात्र अज्ञातच राहते.

या कारणाचा चिकाटीने माग काढला, तर काय हाती लागू शकते? याचे एक विलक्षण उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात नोंदलेले आहे.

बटाव्हियातील कोंबड्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वसाहतीतील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे बेरीबेरी या रोगाने सैनिक आणि कैदी दगावत होते. आधी पायांतील शक्ती जाई, मग हृदय थके. तो काळ जंतुशास्त्राच्या वैभवाचा होता. त्यामुळे याही रोगामागे एखादा जंतूच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्याचा शोध घेण्यासाठी १८८६ मध्ये डच सरकारने एक पथक पाठविले. पथक परतल्यावर ख्रिस्तियान आयकमन हे तरुण लष्करी डॉक्टर तेथेच राहिले आणि १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयातील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

प्रयोगासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. जुलै १८८९ मध्ये त्या लडखडू लागल्या, पायांवर उभ्या राहीनाशा झाल्या आणि मरू लागल्या. प्रश्न असा पडला, की ज्यांना रोग्यांचे रक्त टोचले होते त्या आजारी पडल्या हे ठीक. पण ज्यांना काहीच टोचले नव्हते, त्याही आजारी पडल्या. निरोगी कोंबड्या वेगळ्या ठेवल्या, तरी फरक पडला नाही. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसाच निघून गेला.

एखाद्याने सुटकेचा निःश्वास टाकून तेथेच विषय संपविला असता. आयकमन यांनी मात्र या काळात काय बदलले, याची चौकशी केली. जूनच्या मध्यापासून कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलासुरला पांढरा भात घातला जात होता. नोव्हेंबरमध्ये नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना कशासाठी, असे म्हणून त्याने तो बंद केला. भात सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी रोग आला होता आणि भात बंद होताच तो थांबला होता. तारखांचा ताळमेळ बसला.

मग त्यांनी मुद्दाम प्रयोग केले. पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या आजारी पडत. कोंड्यासह तांदूळ मिळाला की सुधारत. पुढे व्होर्डरमन या अधिकाऱ्याने जावामधील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. पॉलिशचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत साधारण ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होत होता. कोंड्यासह तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला.

आयकमन यांचा निष्कर्षही पूर्ण बरोबर नव्हता. तांदळात काही विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा, असे त्यांना वाटे. त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये सांगितले, की विष नाहीच. अन्नातील एक आवश्यक घटक कमी पडतो आहे. हा घटक म्हणजे आज आपण ज्याला ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणतो ते थायमिन. आयकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्याकडील हातसडीच्या आणि उकड्या तांदळाचे मोलही या शोधामुळे नव्याने कळले.

आपल्या परसात

याचा अर्थ कोंबडीची मान वाकडी दिसली, की भाताला दोष द्यावा, असा मुळीच नाही. आपल्याकडे पहिला संशय घ्यावा तो मानमोडीचा, म्हणजेच राणीखेत रोगाचा. कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेतच्या नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य रोग हिरवट हगवण, धाप, वाकडी मान आणि लुळे पाय अशा रूपांत दिसतो व कळपाच्या कळप नेतो. मान आणि पाय मात्र थायमिनच्या अभावानेही असेच होतात. पाय मॅरेक्स रोगानेही लुळे पडतात. लक्षण एक, कारणे अनेक. म्हणून केवळ नजरेवर विसंबू नये.

पहिला पक्षी मरताच चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती मेले, कोणत्या वयाचे, किती दिवसांत, आणि गेल्या महिनाभरात नवे काय घडले. नवे पक्षी बाजारातून आणले का, खाद्य बदलले का, शेजारच्या शेतात फवारणी झाली का? ही नोंद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. मृत पक्षी उघड्या हातांनी हाताळू नये, नाल्यात फेकू नये. शवविच्छेदनाने जे कळते, ते तर्काने कळत नाही. अनेक पक्षी एकाएकी मेले, तर काहीही न हलविता त्वरित सूचना द्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूने दिलेला धडा आपण विसरता कामा नये.

राणीखेतवर लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात वा नाकात एक थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी. लसीच्या एका कुपीत सहसा शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती विरघळविल्यावर काही तासांतच वापरावी लागते. त्यामुळे एकट्या घराला ती परवडत नाही; बचत गटातील दहा घरांनी एकत्र येऊन ती दिली, तर सहज परवडते.

बँकेत दिवसअखेर हिशेब जुळला नाही, तर आपण शेवटच्या जुळलेल्या नोंदीपर्यंत मागे जातो आणि तेथून एकेक रक्कम तपासत पुढे येतो. बटाव्हियातील त्या डॉक्टरने याहून वेगळे काय केले? खुराड्याशेजारी एक साधी वही टांगलेली असावी. पुढची मर आली, तर शोधाची सुरुवात तिच्यापासूनच करता येईल.