शिवेवरची विद्या

मुद्रितं तपासताना माझी नजर आधी ‘र’वर जाते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या घळी. फरक एवढाच, की एकात रफार डोक्यावर चढतो आणि दुसऱ्यात एक आडवी, वळणदार रेघ ‘य’ला डावीकडून बिलगते. खिळ्यांच्या छपाईत अशा प्रत्येक वळणाचा खिळा जुळाऱ्याच्या हाताशी वेगळा असे. संगणक आला तेव्हा रफार कुठे बसतो, वेलांटी उच्चारात मागून येऊन लिहिताना पुढे कशी जाते, जोडाक्षरात कोण कोणाखाली दबतो, हे सगळं त्याला कोणीतरी शिकवणं भाग होतं.

शिकवणाऱ्यांत अग्रभागी होते र. कृ. जोशी. मूळचे कोल्हापूरचे, जेजे कलाशाळेत शिकलेले, जाहिरातक्षेत्रात गाजलेले आणि मराठीत कविता लिहिणारे. १९८३ साली ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे ‘आयडीसी’त, शिकवायला आले. पुढे जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांचे टंक घडवले. विंडोज २०००पासून बरीच वर्षं कोट्यवधी संगणकांवर आपोआप उमटलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. तलाठ्याच्या दाखल्यापासून शाळेच्या सूचनेपर्यंत आपण तो वर्षानुवर्षं वाचत आलो, आणि त्यामागे एक मराठी कवी आहे हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मला याची मनापासून खंत वाटते.

त्यांची चिकाटी आयडीसीत मुरली. तिथे पीएचडी करणाऱ्या उदय कुमार यांचा अभ्यास तमिळ अक्षररूपांचा होता. रुपयाच्या चिन्हाची देशभर स्पर्धा लागली आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांचंच चिन्ह स्वीकारलं. ते जरा निरखून पाहा. देवनागरी ‘र’ची शिरोरेघ ठेवली, तिच्याखाली समांतर दुसरी रेघ ओढली, की उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ही त्यातच दिसू लागतो. तमिळ अक्षरांत बुडालेल्या विद्यार्थ्याने देवनागरीचं मर्म इतकं नेमकं पकडलं. आज ते चिन्ह भाजीच्या पाटीवरही खडूने काढलेलं असतं.

पवई, जुहू ही ठिकाणं जुन्या मुंबई बेटाबाहेरची. त्या बेटाची हद्द जिथे संपायची, त्या जागेचं नावच शीव. तिच्यापलीकडची साष्टी म्हणजे आपलं उपनगर. मुंबईतलं विद्यापीठीय काम म्हटलं की अजून राजाबाई टॉवरचंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं कितीतरी मोलाचं काम शिवेपलीकडे झालंय. त्यातलं मला सर्वांत आवडणारं काम पुन्हा शिवेवरचंच, दोन विद्याशाखांमधल्या बांधावर उगवलेलं.

कलिन्याचंच पाहा. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विभाग आता तिथल्या विद्यानगरीत आहेत. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिली ती मराठीत. कांटच्या विचारांशी झुंज घेणाऱ्या या ग्रंथाला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विचाराला मराठी तोकडी पडते असं म्हणणाऱ्याच्या हाती मी हा ग्रंथ ठेवते. भालचंद्र नेमाडे याच विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर होते. लोककला अकादमीत पोवाडा, भारूड, गोंधळ, तमाशा यांचा रीतसर अभ्यास चालतो. जे शेतात, जत्रेत, फडावर ऐकून शिकायचं, ते अभ्यासक्रमात बसवताना काय निसटतं आणि काय टिकतं, हा प्रश्न मला कोणत्याही प्रयोगशाळेतल्या प्रश्नाइतकाच अवघड वाटतो.

जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ साली नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं केलं. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं केंद्र. घरकामाची मोजदाद करावी, बाईच्या सांगण्याला पुरावा मानावं, हे तेव्हा विद्यापीठाच्या चौकटीत न बसणारं होतं. वर्सोव्याला कोळीवाड्याच्या शेजारी १९६१पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिने समुद्रापासून शेकडो मैल दूर, हरियाणातल्या खारावलेल्या जमिनीखालच्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली. देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था शेजारी शेजारी आहेत. १९९२-९३पासून देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण यातली पहिली संस्था पार पाडते. बाळाचं वजन, आईचं हिमोग्लोबिन, घरातलं शौचालय यांच्या त्या कोष्टकांशिवाय आरोग्याची कुठलीच चर्चा पुढे सरकत नाही.

पुन्हा पवईला यायला हवं, कारण एका माणसाबद्दल सांगायचं राहिलंय. मिलिंद सोहोनी हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. केतन मुळमुळे यांच्याबरोबर त्यांनी २००१ साली मांडलेला भौमितिक जटिलतेचा सिद्धांत संगणनाच्या सर्वांत कठीण कोड्याला, ‘पी’ आणि ‘एनपी’ एकच की वेगळे या प्रश्नाला, भिडतो. हेच सोहोनी ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात विद्यार्थ्यांना घेऊन कर्जत-मोखाड्याच्या पाड्यांवर विहिरींची पातळी मोजायला जात. पावसाळ्यात जिथे धो धो कोसळतं, तिथेच मार्चनंतर टँकर का लागतो? नळयोजना कागदावर पुरी झालेली असताना शेवटच्या घरात पाणी का चढत नाही? उत्तरासाठी पाइपाचा व्यास, टाकीची उंची, विजेचं बिल आणि ग्रामसभेचं इतिवृत्त, सगळं एकत्र वाचावं लागतं. याच कामातून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली. पडलं किती, वाहून गेलं किती, जमिनीत मुरलं किती, पिकाला लागेल किती. विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो गावांसाठी आखलेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात शासनाने आयआयटीची ही पद्धत घेतली. अभियंत्याने आपल्या जिल्ह्याचं पाणी मोजावं, ही अपेक्षा माझ्या मते प्रत्येक महाविद्यालयाकडून करायला हवी. त्याला फारशी महागडी यंत्रंही लागत नाहीत.

याच आवारात विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ हा साधारण दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्हीतून अवकाशात गेला. आणि याच आवारात राहुल पुरवार यांची प्रयोगशाळा आहे. तिने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर रक्ताच्या काही कर्करोगांवर कार-टी पेशींचा उपचार विकसित केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, एका निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवं जनुक सोडायचं, म्हणजे कर्करोगाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण त्यांना ओळखू येते. मग त्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांनी या उपचाराला मंजुरी दिली. खर्च परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. तरीही तो लाखांच्या घरात जातो, आणि घाटकोपर-मुलुंडच्या चाळीतल्या कुटुंबाला तो झेपणारा नाही. पुढचं संशोधन या आकड्यावर व्हावं असं मला वाटतं.

या उपचाराचा पहिला रुग्ण जून २०२१मधला, टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रातला. गोठवलेल्या पेशी तिथे खाटेपाशीच कोमट पाण्यात वितळवतात आणि शिरेतून सलाईनसारख्या सोडतात. पिशवी रिकामी व्हायला अर्धा तासही लागत नाही. नंतर परिचारिका नळीत थोडं सलाईन सोडते, आत चिकटून राहिलेल्या पेशीही रुग्णाच्या अंगात जाव्यात म्हणून.