माल रुळांवर यावा म्हणून

शाश्वत वाहतूक म्हटले की आपल्याकडे चर्चा वळते ती विजेवरच्या मोटारींकडे आणि मेट्रोकडे. पण वाढत्या देशात माणसांबरोबर मालही अफाट वाढतो: सिमेंट, पोलाद, खते, कांदा, घरबसल्या मागवलेली खोकी. हा माल कशावरून जाणार हे एकदा ठरले, की डिझेल, धूर आणि रस्त्यावरचे अपघात यांचा पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेबही बराचसा ठरून जातो. लांब पल्ल्याचा माल रुळांवर आणल्याशिवाय भारताचा हा हिशेब जुळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आज आपण चाललो आहोत ते उलट्या दिशेने. 1951 मध्ये देशात सुमारे 53,600 किलोमीटर रेल्वेमार्ग होता. सत्तर वर्षांनी तो 69,000च्या आसपास पोहोचला. राष्ट्रीय महामार्ग मात्र 2014 ते 2024 या दहाच वर्षांत सुमारे 91,000 किलोमीटरवरून 1,46,000वर गेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात चार-पंचमांशाहून अधिक माल रेल्वेने जाई. राष्ट्रीय रेल्वे आराखड्याने हा वाटा 27 टक्के धरला आणि 2030 पर्यंत तो 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले.

रुळांची बाजू निसर्गानेच भक्कम केली आहे. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते, त्यामुळे घर्षण थोडे आणि तेवढाच माल ओढायला ऊर्जाही रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी लागते. मग व्यापारी ट्रककडे का गेला? कारण मालगाडी आणि प्रवासी गाडी एकाच रुळावरून धावतात. एक्स्प्रेस येताना दिसली की मालगाडी लूप लाइनवर उभी राहते. तिचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास रेंगाळत आला तो यामुळेच. शिवाय प्रवासी तिकीट स्वस्त ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे मालाचे भाडे चढे ठेवले गेले. व्यापाऱ्याला माल आजच पोहोचायला हवा असतो असे नाही, पण कधी पोहोचेल हे नक्की कळायला हवे असते.

फक्त मालगाड्यांसाठी वेगळे मार्ग बांधण्याचा निर्णय झाला तो याच दुखण्यावर उपाय म्हणून. 2006 मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. लुधियाना ते सोननगर हा पूर्वेचा मार्ग 1,337 किलोमीटरचा, तर दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा पश्चिमेचा 1,506 किलोमीटरचा. पश्चिमेच्या मार्गावर विजेच्या तारा इतक्या उंच आहेत, की त्यांच्याखालून कंटेनरवर कंटेनर रचलेली गाडी जाते. पण जमीन मिळवण्यात वर्षे गेली आणि 2015 मध्ये खर्चाचा सुधारित अंदाज 81,459 कोटींवर पोहोचला. सर्वांत मागे रेंगाळला तो नेमका बंदराला भिडणारा, वैतरणा ते न्हावाशेवा हा सुमारे 102 किलोमीटरचा तुकडा. एवढा खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी महामार्गावर वर्षागणिक जाळल्या जाणाऱ्या डिझेलचा आणि उखडणाऱ्या डांबराचा खर्चही मांडायला हवा.

रेल्वे दारापर्यंत येत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याचे एक उत्तर कोकणात कोलाड स्थानकावर पाहायला मिळते. 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा अशी ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक उतरणीच्या धक्क्यावरून सपाट वाघिणीवर चढतो. बोगदे आणि वरच्या तारा यांमुळे आधी त्याची उंची मापली जाते, मग चाकांना अडसर लावून साखळ्या आवळल्या जातात. चालक आणि क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून 417 किलोमीटरचा प्रवास करतात. तो सरला की इंजिन चालू करून ट्रक थेट गिऱ्हाइकाच्या गोदामाकडे निघतो. चालकाचा रोजगार टिकतो, वाचते ती घाटातली जागरणाची रात्र. सगळीकडे हीच पद्धत परवडेल असे नाही. पण लांबचा पल्ला रुळावर आणि शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर ट्रकने, ही वाटणी कंटेनरलाही तितकीच लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देशातली बहुतेक वीज कोळशावरच होते, मग विजेवरची मालगाडी स्वच्छ कशी? एक तर टनामागे ऊर्जाच कमी लागते. दुसरे म्हणजे, सूर्य आणि वाऱ्याची वीज वाढेल तसतशी प्रत्येक गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. डिझेलचे लाखो ट्रक मात्र एकेक करून बदलावे लागतील. रेल्वेपुढचा खरा पेच कोळशाचाच, पण वेगळा आहे. 2024-25 मध्ये तिने 161 कोटी टनांहून अधिक माल वाहिला आणि त्यात निम्म्याच्या आसपास कोळसा होता. उद्या कोळसा घटला की त्या वाघिणी कशाने भरणार? सिमेंट, फळे, मोटारी, कारखान्यातली खोकी आजच रुळांवर आणली नाहीत तर रेल्वेची कमाई आटेल आणि हा माल कायमचा रस्त्यावर जाईल.

म्हणून नव्या महामार्गाच्या प्रत्येक घोषणेबरोबर आपण लोकप्रतिनिधींना विचारायला हवे: आपल्या जिल्ह्यातला मालधक्का कोणत्या अवस्थेत आहे, तिथे गोदाम आणि शीतगृह आहे का, आणि मालगाडी सुटण्याची वेळ ठरलेली आहे का? कोकण रेल्वेच्या सुमारे 740 किलोमीटरांपैकी रोहा ते वीर हे 46 किलोमीटर 2021 मध्ये दुहेरी झाले. वीरच्या पुढे कोकणातली मालगाडी एकेरी रुळावर, समोरची गाडी निघून जाण्याची वाट पाहत उभी असते.