संभाषण आणि अवधान

संभाषणात शब्दांइतकेच अवधानासही महत्त्व असते. बोलणाऱ्याच्या मुद्रेकडे पाहणे, योग्य स्थळी हुंकार देणे, ही त्याचीच अंगे होत. ऐकणाऱ्याचे मन अन्यत्र गुंतले, तर बोलणाऱ्याचा उत्साह मावळतो.

ही गोष्ट प्रयोगानेही पडताळून पाहण्यात आली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३०० हून अधिक लोकांना आप्तमित्रांसह उपाहारगृहात भोजनास बोलाविले. काही गटांना स्मार्टफोन मेजावर ठेवावयास सांगितले. काहींना ते दूर ठेवावयास सांगितले. भोजनानंतर सर्वांस प्रश्न विचारले. तेव्हा फोन जवळ बाळगणाऱ्यांचे चित्त अधिक विचलित झाले व सहवासाचा आनंद काहीसा उणावला, असे आढळले. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. हा फरक फार मोठा नव्हता. परंतु घरातील जेवण तर रोजचेच असते!

मग फोनला शत्रू समजावे काय? मुळीच नाही. दूरदेशी गेलेल्या मुलाचा शब्द आईच्या कानी तोच पोहोचवितो. मात्र समोर बसलेल्या माणसाचा हक्क पहिला. आजी गोष्ट सांगत असता फोन बाजूस ठेवणे, ही तिच्यावरील मायेचीच खूण होय.